'घशात नळी' की 'श्वासनलिकेत नळी'?

दादरची_भाषांतरकार: ऑपरेशनच्या संमतीपत्राचं मराठी करतेय, इंट्युबेशनपाशी, म्हणजे भूल दिल्यावर श्वासासाठी नळी घालतात त्यापाशी, अडलेय. मी 'घशात नळी घालणे' लिहिलं, भूलतज्ज्ञ बाईंनी खोडलं. म्हणाल्या, घशातून तर पोटात जाणारी नळीपण जाते, ही स्वरयंत्रातून खाली श्वासनलिकेत जाते, तसं लिहा. आईला वाचून दाखवलं तर तिने विचारलं, "श्वासनलिका म्हणजे कुठे गं?" काय लिहू?

गिरगावकर: शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे, बिनधास्त ठेवा. 'नलिकाप्रवेशन' केलंत तर एका शब्दात काम होतं.

परळची_सिस्टर: नलिकाप्रवेशन कोण बोलतं हो? आमच्याकडे सगळे 'ट्यूब टाकली' म्हणतात. मी नातेवाइकांना सांगते, पाणी ज्या वाटेला गेलं की ठसका लागतो ना, त्या श्वासाच्या वाटेत नळी जाते, लगेच कळतं त्यांना. नळी अन्ननलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं म्हणून मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा आलेख बघतात, दर श्वासाला टेकडी उमटत राहिली की नळी जागेवर.

गिरगावकर: तोंडी ठीक, कागदावर 'ठसक्याची वाट' नाही चालणार. आणि 'भूल' पण बदला, भूल म्हणजे चूक. 'संवेदनाहरण' लिहा, १८४६ साली ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टरने अ‍ॅनेस्थेशिया शब्द सुचवला तो ग्रीकवरून, संवेदना नसणे याच अर्थाने.

ठाणेकर_आजोबा: अहो, भूल पडणे म्हणजे भान हरपणे, चूक हा एकच अर्थ कुठून आणलात? आमच्या हिच्या गुडघ्याच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, कमरेखाली बधिर आणि ही डॉक्टरांशी गप्पा मारतेय. संवेदनाहरण तेही झालं की! तुमचा शब्द पूर्ण भूल कशी वेगळी दाखवणार?

परळची_सिस्टर: शब्दांचं भांडण करायचंच तर 'उपाशी' वर करा. उपाशी या सांगितलं तर एक मावशी साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या, म्हणाल्या उपास मोडला नाही. चहा तर कोणी खाण्यात धरतच नाही, पण दुधाचा चहा म्हणजे ६ तास थांबायचं, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. भूल चढताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर केवढं महागात पडतं. फॉर्मवर 'खिचडी, चहा, बिस्कीट काहीही नको' असं नावानिशी लिहा.

ठाणेकर_आजोबा: आणि 'डेंचर' नको, 'कवळी काढून ठेवा' लिहा.

दादरची_भाषांतरकार: कवळी घेतली, खिचडीपण. पण घसा की श्वासनलिका?