मदत हवी आहे: लपलेला रोग उघड्यावर आला तर दिसतो की नाही? (डी अँड डी, २०२४चे नियम)

कंदीलवाला

मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आणि पात्रं वठवून खेळायचा खेळ) खेळणाऱ्या जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. शनिवारच्या आत टाकला तर फार बरं, कारण शनिवारी पुढचं सेशन आहे आणि मागचं सेशन भांडणावर थांबलंय.

प्रसंग असा. पडक्या देवळाचं अंगण, चारी बाजूंना मशाली. मधोमध पुस्तकातला साधा गार्ड, पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधता लक्षात येण्याचा आकडा) १२. आमचा पाचव्या लेव्हलचा रोग (rogue, म्हणजे चोर वर्गाचं पात्र) चाळीस फुटांवरच्या खांबामागे लपला. स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) +१०, वीसच्या फाशावर १३, एकूण २३. इथपर्यंत सगळे खूश.

पुढे तो म्हणाला, "आता मी खांबामागून निघतो आणि सरळ चालत त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो." मी म्हटलं, अरे तो तुला बघेल ना! त्यावर त्याने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं.

ज्यांच्याकडे सप्टेंबर २०२४चं प्लेयर्स हँडबुक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हाइड करायला तुम्ही दाट धुक्यात, काळोखात किंवा निदान पाऊण आडोशामागे असायला हवं आणि कुठल्याही शत्रूच्या नजरेत नको. मग स्टेल्थ चेक (फासा अधिक कौशल्य), डीसी १५, म्हणजे बेरीज किमान १५ हवी. जमलं तर 'इन्व्हिजिबल' ही कंडिशन लागू. जो आकडा पडला तो लिहून ठेवायचा. तुम्हाला शोधू पाहणाऱ्याच्या पर्सेप्शन चेकला तोच डीसी. कंडिशन संपते चार कारणांनी: कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलात, शत्रूने तुम्हाला शोधलं, तुम्ही अटॅक रोल केलात (वार लागतो का हे बघायला फासा टाकलात), किंवा तोंडाने म्हणावा लागणारा मंत्र टाकलात.

आडोसा सोडून भर उजेडात आलात तर काय, याबद्दल चकार शब्द नाही.

आमच्या रोगाचं म्हणणं, यादीतलं एकही कारण घडलेलं नाही, म्हणजे मी अजून इन्व्हिजिबल. गार्डने सर्च अ‍ॅक्शन घेतली तरी त्याचं पर्सेप्शन +२, म्हणजे वीसचा फासा २० वर पडला तरी बेरीज २२. माझे २३. चेकमध्ये २० पडले म्हणून आपोआप जमत नाही, ते फक्त अटॅक रोलला. थोडक्यात, पहारेकऱ्याने सकाळपर्यंत माझ्या नाकाकडे टक लावून पाहिलं तरी मी त्याला दिसणार नाही.

हिशोब बरोबर आहे हो. त्याचाच तर त्रास आहे.

भरीस भर म्हणजे पुढच्या दालनात जो जादूगार बसवलाय त्याच्याकडे सी इन्व्हिजिबिलिटी आहे. तो मंत्र इन्व्हिजिबल कंडिशन असलेल्याला दिसतं करतो. मग बांबूच्या बेटामागे पाऊण आडोशाला दबा धरून बसलेला माणूसही त्याला आयता दिसणार का? यात जादूचा संबंध काय?

याच पुस्तकात उंचावरून पडलं तर दर १० फुटांना १डी६ (सहाच्या एका फाशाएवढी इजा), कमाल २०डी६, हे लिहायला जागा आहे. धावत घेतलेली लांब उडी किती फुटांची, श्वास किती मिनिटं रोखता येतो, तेही आहे. आणि चोर समोर येऊन उभा राहिला तर दिसतो का, हे लिहायला दोन ओळी मिळाल्या नाहीत?

विनंती: कृपया 'डीएमने ठरवावं' (डीएम म्हणजे खेळ चालवणारा, इथे मी) एवढंच लिहू नका. पुस्तकात कुठे काही सुटलंय का माझ्या नजरेतून, आणि नसेल तर तुमच्या टेबलावर काय चालतं, ते सांगा.

टिवल्याबावल्या

शीर्षक वाचून आरोग्य विभागातला धागा समजून उघडला. आता उघडलाच आहे तर पॉपकॉर्न घेऊन बसतो.

वीसपैकी_एक

डीएमने ठरवावं :) एवढा कीस काढायचा तर मग बुद्धिबळच खेळावं की. आम्ही पटकन काहीतरी ठरवतो आणि पुढे जातो.

कंदीलवाला

@वीसपैकी_एक, केली होती हो विनंती. ठरवायला माझी ना नाही, डीएम झालो ते त्यासाठीच. पण रोग हाइडवर बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली जादा कृती) खर्च करतो तेव्हा बदल्यात काय मिळणार हे त्याला फासा टाकण्याआधी माहीत असायला हवं की नको? मी आज एक म्हणालो आणि पुढच्या वेळी विसरून दुसरंच म्हणालो, तर त्याने बेत आखायचे कशाच्या जोरावर? मग तो पुस्तक वाचायचं सोडून माझा मूड वाचायला लागतो. मला ते नकोय.

जुना_भिडू

रोग जुनाच आहे, धागाकर्ते. मी ८०च्या दशकाच्या शेवटी न्यू जर्सीत शिकायला होतो, तिथे वसतिगृहात खेळायला लागलो. तेव्हाही हीच रड.

१९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या तीन छोट्या पुस्तिका निघाल्या. त्यांत लढाईसाठी गृहीत काय धरलंय, तर तुमच्याकडे 'चेनमेल' हा १९७१चा वेगळाच युद्धखेळ आहे! वीसच्या फाशाची पद्धत तिथे पर्यायी म्हणून दिली होती. रानावनात भटकायचं असेल तर 'आउटडोअर सर्व्हायव्हल' नावाच्या दुसऱ्याच कंपनीच्या बोर्डगेमचा नकाशा घ्या, असा सल्ला. म्हणजे अर्धे नियम दुसऱ्याच्या खोक्यात.

चोर हा वर्ग त्या पुस्तिकांत नव्हताच, तो १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. १९७८च्या एडी अँड डी (अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी) प्लेयर्स हँडबुकात पहिल्या लेव्हलच्या चोराची सावलीत लपण्याची शक्यता होती १० टक्के. निःशब्द चालण्याची १५. तुमच्या रोगाला हे आकडे दाखवा, +१०चा माज जरा उतरेल. पण सावली सोडल्यावर काय, यावरून वसतिगृहात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हमरीतुमरी चालायची.

कलम_४२०

धागाकर्ते, तुमच्या नजरेतून काही सुटलेलं नाही. खरी भानगड हाइडमध्ये नसून इन्व्हिजिबल कंडिशनमध्ये आहे. तिथे जरा थांबून वाचा.

२०१४च्या पुस्तकात त्या कंडिशनचं पहिलंच वाक्य असं होतं की जादूची किंवा खास इंद्रियाची मदत असल्याशिवाय असा प्राणी दिसणं अशक्य. २०२४मध्ये ते वाक्य काढलं. आता राहिलेत फक्त तीन फायदे (अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे लहान; इनिशिएटिव्ह म्हणजे लढाईत आधी कोण, ते ठरवणारा फासा). इनिशिएटिव्हला अ‍ॅडव्हान्टेज. ज्या परिणामांना लक्ष्य दिसावं लागतं ते तुमच्यावर चालत नाहीत. तुमच्या वारांना अ‍ॅडव्हान्टेज आणि तुमच्यावरच्या वारांना डिसअ‍ॅडव्हान्टेज. यातल्या शेवटच्या दोन फायद्यांना शेपूट आहे: समोरच्याला तुम्ही कसे का होईना दिसत असाल, तर त्याच्यापुरता फायदा नाही.

आता 'कसे का होईना' यात साधे डोळे धरायचे का? धरले, तर तुमचा गार्ड रोगाला बघतो आणि प्रश्न मिटला. पण इन्व्हिजिबिलिटी हा मंत्रसुद्धा हीच कंडिशन देतो, वेगळं काहीच देत नाही. मग मंत्राने अदृश्य झालेला विझार्डही साध्या डोळ्यांना दिसायला लागेल, आणि दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) पाण्यात. साधे डोळे नाही धरले, तर मंत्र शाबूत राहतो, पण तुमचा रोग पहारेकऱ्याच्या नाकासमोर नाचतो. खांबामागे दडणं आणि जादूने गायब होणं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच कंडिशनमध्ये कोंबल्या की हे होणारच. सी इन्व्हिजिबिलिटीचा घोळही तिथलाच. अक्षरशः वाचलं तर हो, बांबूमागचा माणूस तुमच्या जादूगाराला दिसतो. मी तसं खेळणार नाही, पण लिहिलंय तसंच.

तुमच्या बाजूने पुस्तकात दोन गोष्टी सापडतील. लपण्याजोगी परिस्थिती आहे का हे डीएम ठरवतो, असं हायडिंगच्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय. (माहीत आहे, नको होतं हे उत्तर.) दुसरी, पॅसिव्ह पर्सेप्शन. मुद्दाम चेक न करता एखाद्याच्या काही लक्षात येतं का, हे ठरवायला डीएमने तो आकडा वापरायचा. म्हणजे 'शत्रूने शोधलं' यासाठी सर्च अ‍ॅक्शनच हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. रोगाचा अर्धा युक्तिवाद इथेच पडतो. उरलेला अर्धा, १२ विरुद्ध २३, तो मात्र उभा राहतो.

पुस्तक विकत घ्यायचं नसेल त्यांनी एसआरडी ५.२ (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) बघावी. एप्रिल २०२५पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहे. २०२४चा हा सगळा मजकूर तिथे मिळेल.

मालवणी_मेज

आमी पाथफाइंडर २ (डी अँड डीसारखाच दुसरा खेळ) वर गेलंव, सुटलंव. तिथे पायऱ्या आहेत. दिसतोय, हिडन, म्हणजे कुठल्या चौकोनात आहे ते माहीत पण दिसत नाही, अनडिटेक्टेड, म्हणजे चौकोनही माहीत नाही, आणि अननोटिस्ड, म्हणजे कोणी आहे याचाच पत्ता नाही. हिडनवर वार करायचा तर आधी फ्लॅट चेक (नुसता फासा, कौशल्य न मिळवता), डीसी ११. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तर स्नीकच्या नियमात सरळ छापलंय: अर्ध्या वेगाने सरकायचं, आणि सरकणं संपताना आडोसा किंवा धूसरपणा नसेल तर दिसलात. आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर सगळं फुकट वाचायला आहे.

कंदीलवाला

@कलम_४२०, दंडवत घ्या. ते वाक्य काढून टाकलंय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली कोणी होती!

@मालवणी_मेज, वाचलं, हेवा वाटला. पण मोहीम मध्यावर आहे आणि पाच जणांना नवी सिस्टीम शिकवायची ताकद माझ्यात नाही. ती स्नीकची शेवटची अट मात्र उचलावी म्हणतोय. कोणी ५ईमध्ये (डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत) तशी वापरली आहे का?

सोंगटी

आम्ही वापरतो. आमच्या टेबलावर असं चालतं:

टर्न संपताना तुम्ही शत्रूच्या नजरेत उघडे असाल आणि त्याचं लक्ष दुसरीकडे गुंतलेलं नसेल, तर 'शत्रूने शोधलं' असं समजायचं. चेक नाही, वाद नाही. टर्नच्या मधे मात्र मोकळीक. एका आडोशातून दुसऱ्यात जाताना तुमचा लिहिलेला आकडा आणि त्याचा पॅसिव्ह एवढंच बघायचं. आडोशातून निघून त्याच टर्नमध्ये वार केला तरी अ‍ॅडव्हान्टेज मिळतो.

तुमच्या अंगणात लावून बघा. अंतर ४० फूट, चाल ३०. नुसतं चालत गेला तर टर्न संपताना दहा फूट अलीकडे, मशालीच्या उजेडात सापडला. पण कनिंग अ‍ॅक्शनने डॅश (दुप्पट चाल) केला तर पोचतो, अ‍ॅडव्हान्टेजने वार करतो, स्नीक अटॅकचे ३डी६ पदरात. फक्त बोनस अ‍ॅक्शन डॅशवर गेली, म्हणून वार करून पुन्हा लपता येणार नाही. रोगाला काहीतरी मोजावं लागलं आणि पोटभर मिळालंही. लढाई अजून सुरू नसेल तर आधी इनिशिएटिव्ह टाका. त्याला अ‍ॅडव्हान्टेज, गाफील गार्डला डिसअ‍ॅडव्हान्टेज. तरीही गार्ड पुढे आला तर नशीब गार्डचं.

सी इन्व्हिजिबिलिटी आमच्याकडे फक्त जादूने आलेल्या अदृश्यतेवर चालते. लपण्याला 'हिडन' आणि मंत्राला 'इन्व्हिजिबल' असं आम्ही कॅरेक्टर शीटवरच वेगवेगळं लिहितो, फायदे तेच ठेवून. कलम_४२० म्हणतात तो गुंता त्याने सुटतो. हे सगळं सेशनच्या आधी ग्रुपवर टाका, म्हणजे टेबलावर पुस्तक उघडलं जाणार नाही.

कंदीलवाला

हे जमतंय! आत्ताच ग्रुपवर टाकलं.

...आणि दहा मिनिटांत रोगाचं उत्तर आलं. यादीत 'अटॅक रोल' म्हटलंय ना, मग म्हणे मी अ‍ॅसिडची कुपी फेकतो. २०२४मध्ये तिला अटॅक रोलच नाही, समोरच्याने डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचण्याचा फासा) करायचा, नाहीतर २डी६ इजा. म्हणजे आडोशामागून दर टर्नला कुपी फेकायची आणि लपलेलंच राहायचं. हेही बरोबर वाचलंय का त्याने?

कलम_४२०

बरोबर वाचलंय. पण काचेची कुपी पहारेकऱ्याच्या चिलखतावर फुटते तो आवाज कुजबुजीपेक्षा मोठा की लहान, ते विचारा त्याला.