मदत हवी आहे: ५-० वाल्या (पाच विजय, शून्य पराभव) दोन टीम्सची तुलना नेमकी कशी करायची?

एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीग) २०२४ सीझनचा डेटा घेऊन सराव करतोय. सहाव्या आठवड्यात चीफ्स आणि वायकिंग्ज या दोन्ही टीम्सना सुट्टी होती आणि दोघंही ५-०. पाच मॅचेसचे एकूण पॉइंट्स (केलेले-दिलेले) बघितले तर वायकिंग्ज १३९-७६ म्हणजे +६३, चीफ्स ११८-८५ म्हणजे फक्त +३३, त्यात बेंगल्सवरचा विजय तर २६-२५, शेवटच्या क्षणी ५१ यार्डांची किक बसली म्हणून.

पायथागोरियन फॉर्म्युला (केलेल्या-दिलेल्या पॉइंट्सवरून अपेक्षित विजय काढायचा) लावून झालाय (घात २.३७), वायकिंग्जचे साधारण ४ विजय येतात, चीफ्सचे ३.४. पण सीझनच्या शेवटी चीफ्स १५-२ आणि वायकिंग्ज १४-३, म्हणजे एवढा फरक टिकलाच नाही. आता म्हणाल की चीफ्सचं नशीब जोरावर होतं, असेलही, पण सगळंच नशिबावर ढकलायला मन तयार होत नाही राव.

अजून एक लोचा म्हणजे वायकिंग्जच्या व्हॅन गिंकेलने (डिफेन्सचा खेळाडू) जायंट्स आणि जेट्स दोघांविरुद्ध इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मध्येच पकडणं) थेट टचडाऊनपर्यंत नेलंय, ते पॉइंट्स ऑफेन्सचे नाहीतच, आणि असं दर आठवड्याला थोडंच होणारे.

बेटिंगसाठी नकोय, पैसे भरून घ्यायचा डेटाही नको, फुकटचे बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकडेवारीचे तक्ते) आणि एक्सेल एवढंच आहे, कोडिंग येत नाही. तर पाचच मॅचेस असताना समोरच्या टीमच्या ताकदीचा हिशोब कसा धरायचा, मागच्या सीझनला किती टक्के वजन द्यायचं, आणि ते डिफेन्सचे टचडाऊन वजा करायचे की राहू द्यायचे?