१९७४चा प्रिसिजन बेस: झिजलेली सॅडल्स बदलायची की घासायची?

ठाणेकर (धागाकर्ता)
बाबांचा १९७४चा फेंडर प्रिसिजन बेस, म्हणजे चार तारांची बेस गिटार, सध्या माझ्याकडे आहे. १९७९ साली त्यांनी तो जहाजावर काम करणाऱ्या एका गोवेकराकडून वापरलेलाच घेतला आणि पुढे वीसेक वर्षं गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात बडवला. ब्रिजची (तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात त्या भागाची) सॅडल्स म्हणजे स्टीलच्या छोट्या नळकांड्या, प्रत्येकीवर तारेसाठी एकच खाच. ई तारेखालच्या खाचेचा आता खड्डा झालाय. तार निम्म्याहून जास्त आत बुडते आणि मोकळी छेडली की तंबोऱ्यासारखी झणझणते. सॅडल वर घ्यावं तर उंचीच्या दोन स्क्रूंपैकी एक गंजून बसलाय. एकच बाजू वर येते, सॅडल तिरकं होतं.

माझ्या मते सॅडल म्हणजे सायकलचं ब्रेकचं रबर. झिजायलाच बसवलेलं असतं. चारही नवीन टाकायची, जुनी पुडीत बांधून केसमध्ये ठेवायची. पण ज्याला विचारावं तो "हात लावू नकोस" म्हणतो, जणू मी वाड्याची तुळई काढायला निघालोय.

ता. क. ए तारेचं सॅडल जरा पिवळट दिसतं. प्लेटिंग उडालं असावं.

हातकानस
हात लावू नकोस. (सॉरी, पण खरंच.)
पन्नास वर्षं जुन्या बेसवरचा प्रत्येक मूळ भाग पुढे किंमत ठरवतो, हे एक. दुसरं म्हणजे तुझं सॅडल मेलेलं नाही. रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरू दे. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर मिनिटभर टेकव, मग बरोब्बर मापाच्या पान्याने आधी थोडा घट्ट कर आणि मग सोडव. उलटं केलंस तर स्क्रूचं डोकं खाऊन टाकशील. खाचेला गोल कानस लाव, उतार मागच्या बाजूला दे. तार पुढच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. शेवटी हजार आणि दोन हजारचा पॉलिश पेपर. अर्ध्या तासाचं काम.

मडगावकर
अर्ध्या तासाचं काम खरं, पण सहा महिन्यांचंच. कानस मारली की प्लेटिंग गेलं आणि उघडं स्टील हवेला लागलं. ठाण्याची हवा, वाजवणाऱ्याचा घाम. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तांबेरा. शिवाय खाच आधीच खोल, तुम्ही ती आणखी खोल करायला सांगताय. ई तार १०५ची (म्हणजे ०.१०५ इंचाची) असेल तर जाडी २.६७ मिमी. निम्मी बुडाली तर एकवेळ चालेल, त्याहून खाली गेली की ती खाचेच्या भिंतींना घासत राहणार.
बदलाच. फक्त माप बघून घ्या. अमेरिकन फेंडरचे आटे इंचाचे, जपानी-कोरियन सुटे भाग बहुतेक मिलिमीटरचे. दोन फेरे बसतो आणि अडकतो. तिथे जोर लावणाऱ्यांची रडगाणी मी भरपूर ऐकलीत.
बदलायचंच तर अख्खा जड ब्रिज टाका. पत्र्याच्या ब्रिजपेक्षा सूर लांबतो.

हातकानस
हे म्हणजे दात दुखतोय तर जबडा बदला. तो वाकवलेला पत्राच त्या बेसचा आवाज आहे. जड ब्रिजने सूर लांबतो म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी जुन्याच तारा लावून ऐकलंय? नवा ब्रिज, नव्या तारा, आणि श्रेय ब्रिजला!

मिरजेची सून
मला बेसमधलं ओ की ठो कळत नाही, पण सासर तंतुवाद्यांच्या गावातलं. ठाणेकर, तुमची ई तार तंबोऱ्यासारखी वाजते म्हणालात ते शब्दशः खरं आहे. खाच झिजून पसरट झाली, तार एकदम न सुटता पृष्ठभागाला चाटत सुटते. यालाच जवारी म्हणतात. आमच्याकडे कारागीर ती काढायला घोडी (तंबोऱ्याचा ब्रिज) केसाकेसाने घासत तासन्‌तास बसतात, तुम्हाला फुकटात मिळाली.
घोडी झिजली की आधी जवारी नव्याने काढतात, लगेच घोडी फेकत नाहीत. म्हणून माझं मत दुरुस्तीला.

मडगावकर
वहिनी, उदाहरण छान, पण ते माझ्या बाजूचं आहे. घासून घासून घोडी पार उतरली की तुम्हीही नवी बसवताच ना? तेव्हा तंबोरा खोटा झाला असं कोणी म्हणतं का?

मिरजेची सून
नाही म्हणत. पण ती वेळ आली की नाही हे कारागीर ठरवतो, दुकानदार नाही.

शिकाऊ
मधेच घुसतो. काहीही करा, पण ब्रिजचा पत्रा काढलात तर त्याखाली एक उघडी वायर दाबलेली असते, ती परत तिथेच दाबा. ग्राउंडची असते. मी विसरलो आणि दोन दिवस पिकअपला (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाला) शिव्या घातल्या.

हातकानस
+१. आणि ठाणेकर, ते पिवळट सॅडल. क्रोम उडालं की खालचं निकेल किंचित पिवळसर दिसतं, पण किंचितच. चुंबक लावून बघ.

ठाणेकर
चुंबक लावला. बाकी तिघांना चिकटतो, ए च्या सॅडलला नाही. पितळ आहे!

बाबांना फोन केला. आधी हसले. मग म्हणाले, "संपाच्या आधीची गोष्ट. ऐन गणपतीत ते सॅडल तडकलं. आमच्या लालबागच्या गिरणीच्या वर्कशॉपमधल्या टर्नरने जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढून दिलं. पैसे घेईना, मग मोरीरोडच्या कार्यक्रमाला सहकुटुंब पुढच्या रांगेत बसवला." म्हणजे ज्या 'मूळ' ब्रिजसाठी आपण भांडतोय, त्यातला पाव हिस्सा चाळीसहून जास्त वर्षं लालबागचा आहे. आणि खरं सांगतो, चौघांत ए तारच सगळ्यात स्वच्छ वाजते.

हातकानस
ते पितळी सॅडल विकायला काढलंस तर तुझ्याशी बोलणं बंद. पण ई बद्दलचं माझं मत बदललेलं नाही. आधी तेल, मग कानस.

मडगावकर
माझंही नाही. स्क्रू सुटला का ते सांगा.

ठाणेकर
काल रात्री तेल सोडलं. आज सकाळी आयर्न टेकवला, आधी घट्ट, मग सैल. कट्‌कन सुटला, पण आटे अर्धे गेलेत. खोपटला एक लेथवाले काका आहेत, उद्या ई चं सॅडल घेऊन जातो. स्टीलमध्ये काढून घेऊ की पितळेत?

मडगावकर
स्टील.

हातकानस
पितळ. हे मी म्हणतोय यावर माझाच विश्वास बसत नाहीये.