शांतता व संघर्ष-निराकरणात एम.ए.: पदवीनंतर लगेच करू नये

इंद्रायणीकाठ
भाची राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाली. आता तिला शांतता आणि संघर्ष-निराकरण या विषयात एम.ए. करायचंय. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये नेल्सन मंडेलांच्या नावाचं केंद्र आहे, तिथे अर्ज करणार म्हणते. पुढे ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड नाहीतर स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा विचार आहे.

विषय मोलाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एकही भांडण जवळून न पाहता, पदवी हातात पडल्या पडल्या तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रोटरीची शांतता शिष्यवृत्तीसुद्धा एम.ए.साठी किमान ३ वर्षांचा संबंधित अनुभव मागते. लायबेरियाच्या लेमा ग्बोवींनी २००३ मध्ये देशातलं यादवी युद्ध थांबवायला ख्रिस्ती आणि मुस्लिम बायकांना एकत्र आणलं, घानात वाटाघाटी रेंगाळल्यावर सभागृहाची दारं अडवून धरली. एम.ए. त्यांनी त्यानंतर अमेरिकेत जाऊन केलं. आपल्या भिवंडीत १९८४ ला हिंदू-मुस्लिम दंगल झाली. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांच्या लोकांना घेऊन मोहल्ला समित्या बांधल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. यातलं कुठलं काम वर्गात बसून झालं?

बांधावरची
साफ असहमत. मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीत होते. २००७ मध्ये राज्यात तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षीस देणारी ही मोहीम सुरू झाली तेव्हा उत्साह खूप होता. एका विधवा बाईचा बांध शेजाऱ्याने दरवर्षी थोडा थोडा कोरत आणला होता. समितीतले सगळे अनुभवी, चाळीस-चाळीस वर्षं गावकी सांभाळलेले. बाईला मारुतीच्या पारावर बोलावलं. समोर शेजारी, त्याचे दोन भाऊ आणि सरपंच; बाईच्या बाजूने कोणीच नाही. "गावाचं बक्षीस जाईल, घे मिटवून," म्हणाले. तिने अंगठा दिला. मोजणी झालीच नाही. कागदावर एक तंटा कमी झाला आणि बाईची जमीन गेली ती गेलीच.

शांततेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी नुसती मारामारी थांबणं आणि अन्याय संपणं यात जो फरक केला, तो मला फार उशिरा वाचायला मिळाला. नकारात्मक आणि सकारात्मक शांतता म्हणतात त्याला. तेव्हा माहीत असता तर निदान मोजणीशिवाय सही घेऊ दिली नसती. दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसेल तर आधी काय करायचं, हे अनुभवी माणसांना आपोआप कळत नाही. उलट, त्यांची नजर मरते.

इंद्रायणीकाठ
@बांधावरची, वाचून फार वाईट वाटलं. पण तुम्हाला गाल्टुंग भिडले ते तो पार डोळ्यासमोर होता म्हणून. भाचीला ती परीक्षेत पाच गुणांची टीप होईल.

सांगलीकर
ग्बोवींचं उदाहरण अर्धंच दिलंत. २००३ च्या आधी त्यांनी युद्धाचा मानसिक आघात झालेल्यांसोबत काम करायचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. भिवंडीचंही तसंच. खोपडेंनी काम केलं, मान्यच. पण तिथे जे टिकलं ते दुसरीकडे का टिकत नाही, हे शोधायला संशोधकच लागतो. आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगली होणारी आणि न होणारी शहरं जोडीने तपासली, अलीगढ आणि कालिकत अशी. व्यापारी संघ, कामगार संघटना यांत हिंदू-मुस्लिम दोन्ही समाज एकत्र असतील तर अफवा लवकर विझते, हे त्यातून पुढे आलं. नुसत्या शेजारधर्माचं बळ शहरात पुरत नाही. एवढी तुलना बंदोबस्तात उभं राहून होत नाही.

मध्यस्थ
मी वकील आहे. न्यायालयीन मध्यस्थीचं प्रशिक्षण ४० तासांचं असतं. तंत्र छान शिकवतात, कोणाला आधी बोलू द्यायचं, वेगळं कधी बसवायचं वगैरे. संघर्ष मुळात का पेटतो, याला त्यात वेळच नसतो. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. मोहल्ल्यांतल्या, जातींतल्या तंट्यांना हात घालायचा तर ४० तास कुठे पुरणार? मात्र शुल्क आणि नोकरी यांचा हिशेब आधी मांडा. कर्ज काढून परदेशी पाठवू नका, थेट त्याच पदनामाच्या जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत.

इंद्रायणीकाठ
कर्जाचं पटलं. सांगलीकरांचा मुद्दाही वजनदार आहे, पण तो संशोधन करणाऱ्यांना लागू. भाचीला लोकांमध्ये काम करायचंय. आधी दोन वर्षं कुठल्यातरी संस्थेत काढावीत, हे माझं मत कायम.

बांधावरची
मग तिला आमच्याकडे पाठवा, पण प्रवेश घेऊन. सुट्टीत येऊ दे. मोजणीचे अर्ज, फेरफार, सातबारा मी दाखवेन. समितीत बाईच्या बाजूने काय बोलायला हवं होतं, ते तिने मला सांगावं.