वाघळांच्या अभ्यासाला फवारणीची वही द्यावी का?

माळवदकर (सांगोला तालुका)
शेतातल्या जुन्या घराच्या माळवदात, कडीपाटाच्या फटींत पाकोळ्या राहतात. पन्नासेक असतील. वडावर उलटी लटकणारी मोठी वाघळं नव्हेत, ही अंगठ्याएवढी, किडे खाणारी. सोलापूरला एमएस्सी करणारी एक मुलगी दिवाळीपासून दर रविवारी येते, खाली प्लास्टिकचा कागद अंथरून जाते आणि आठवडाभराच्या लेंड्या बाटलीत भरून नेते. मला इतकी वर्षं त्या उंदराच्याच वाटायच्या. तिनं हातमोजा घालून एक चिमटीत धरली तर भुगा झाला, आणि त्यात अभ्रकासारखं काहीतरी चमकलं. किड्यांच्या पंखांचे तुकडे. उंदराची लेंडी अशी चुरत नाही.

इथवर ठीक होतं. आता तिला डाळिंबाच्या फवारणीची वही हवी आहे, दोन वर्षांची. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती. म्हणते, लेंडीत कोणतं औषध आहे ते प्रयोगशाळा सांगेल, पण कुठून आलं ते वहीच सांगेल. अण्णा म्हणतात, वही घराबाहेर जाणार नाही. माझं मत, द्यावी. तुम्ही काय केलं असतं?

घडवाला (पंढरपूर तालुका)
अजिबात देऊ नका. उद्या कुठंतरी छापून येईल "सांगोल्याच्या डाळिंबात विष", आणि व्यापारी बागेत उभा राहून किलोमागं दहा रुपये पाडेल. छापणारा भरून देणार आहे का? आमची द्राक्षं निर्यातीची, घडांची रेसिड्यू तपासणी, म्हणजे औषधाचा अंश उरलाय का ते बघणं, होते, तेवढी पुरे. आणि वाघळं काय आपली पाहुणी आहेत? गेल्या साली जाळी टाकायला आठ दिवस उशीर झाला, तर कडेच्या दोन ओळी चघळून टाकल्या.
माणसांचं काय ते बोला. २०१७ ला यवतमाळात फवारता फवारता विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले. आधी पाठीवर पंप घेणाऱ्याचं रक्त तपासा, मग पाकोळीची लेंडी.

जुना मास्तर (सोलापूर शहर)
घडवाले, तुमचे घड चघळणारी फळखाऊ वाघळं वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत उपद्रवी म्हणून बसवलं होतं, ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत गेली. माळवदातल्या पाकोळ्यांचा तुमच्या द्राक्षांशी काही संबंध नाही.

वहीचं म्हणाल तर गिधाडं आठवा. आपल्याकडची गिधाडं पटापट मरत होती तेव्हा रोग असेल, असंच बहुतेकांना वाटत होतं. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झालेली दिसली, पण कशानं ते कळेना. मग संशोधकांनी जनावरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेते गाठले, गुरांना काय काय टोचता ते विचारलं, तेव्हा डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक हाती लागलं. २००४ ला शोधनिबंध आला, २००६ ला भारतात गुरांसाठी ते बंद झालं. विक्रेत्यांनी वही दाखवायला नकार दिला असता तर?

आणि पाकोळ्या मरून पडलेल्या दिसत नाहीत म्हणजे त्या ठणठणीत आहेत असं नाही. अमेरिकेतल्या कार्ल्सबाड गुहेतल्या वाघळांवरचा प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. पिल्लांच्या चरबीत डीडीटी या जुन्या कीटकनाशकाचा अंश साठलेला, वरून काही कळत नव्हतं. त्यांना उपाशी ठेवून, स्थलांतरात होते तशी दमणूक करवली, तर चरबी जळाली आणि विष मेंदूत चढलं. वाघळांच्या बहुतेक जातींना एका वेताला एकच पिल्लू. उंदरासारखी भरपाई होत नाही.

नमुनेवाला
मी रेसिड्यू तपासणीच्या प्रयोगशाळेतच काम करतो. मास्तर, आदर राखून सांगतो, डीडीटीचा दाखला इथं लागू पडत नाही. ते चरबीत मुरून बसतं. आजचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक पाण्यात विरघळतं, शरीर ते लवकर बाहेर टाकतं. रविवारच्या बाटलीत नाही सापडलं म्हणून सोमवारी पोटात गेलं नव्हतं असं म्हणता येत नाही. आठवडाभर कागदावर पडलेल्या लेंडीत तर आणखीच कमी उरणार. केसांत माग जास्त टिकतो, पण त्यासाठी पाकोळ्या पकडाव्या लागतात आणि वनखात्याची परवानगी लागते.
तैवानात इमिडाक्लोप्रिड पाजलेल्या वाघळांची वाट चुकायला लागली, प्रतिध्वनीवरून वाट काढायला घालतात ती हाळीही बिघडली, हे खरं आहे. पण ते पाजलेलं होतं. सांगोल्यात किड्यावाटे किती जातं, तो प्रश्न वेगळा. शिवाय पाकोळी तुमच्याच बागेत चरते असं थोडंच आहे, शेजाऱ्याच्या वहीचं काय? आणि तुलनेला मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं एखादं माळवद नको का, जिथं कोरडवाहू मालदांडी ज्वारीवर फवारा क्वचितच पडतो? एका वहीवर प्रबंध उभा राहत नाही. त्यापेक्षा देऊच नका.

रानजाई (बार्शी तालुका)
नमुनेवाले दादा, एक नाही पुरत म्हणून एकही द्यायची नाही, हा कुठला हिशोब? मी तर म्हणते वेळही लिहून द्या. ती कुणाच्याच वहीत नसते. फुलोऱ्यात मधमाश्या येतात म्हणून सकाळी फवारू नका, संध्याकाळी फवारा, असा सल्ला आहे. मी पाळते. पाचनंतर ब्लोअर लावते, दिवेलागणीला बंद करते, आणि घरी येताना खांबावरच्या दिव्याभोवती पाकोळ्या घिरट्या घालत असतात. मधमाशीसाठी टाळलेली वेळ यांच्या जेवणाची निघाली.
मृग बहारात फळं रंगात आली की रस शोषणाऱ्या पतंगामागं आम्ही रात्री टॉर्च घेऊन हिंडतो. लेंडीतल्या तुकड्यांवरून पाकोळ्या तो पतंग खातात का, एवढं जरी त्या पोरीनं सांगितलं तरी माझी वही तिला फुकट.

घडवाला
टॉर्चचं पटलं. पण ताई, निपाह विषाणूचं काय? महाबळेश्वरच्या वाघळांत निघाला होता ना? घरात लहान पोरं आहेत.

जुना मास्तर
विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं सापडली होती, २०२० साली गोळा केलेल्या नमुन्यांत, पुण्याच्या विषाणू संस्थेला. पोरांना माळवदाखाली खेळू देऊ नका, लेंडीला हात नको, खाली पडलेली पाकोळी उचलू नका. जुन्या घरात राहणाऱ्यानं एवढं एरवीही पाळावंच.

माळवदकर
नमुनेवाल्यांचं म्हणणं मी तिला वाचून दाखवलं. जरा हिरमुसली, पण आता शनिवारी रात्री कागद घालून रविवारी पहाटे उचलते. मंगळवेढ्याला तिच्या मावशीचं घर आहे, तिथलं माळवदही बघून आली. वहीवर ना नाव ना गट नंबर, असं तिनं लिहून दिलंय, आणि आमच्या शिवेवरच्या तिघांना विचारायचं काम माझ्यावर टाकलंय.

अण्णांना काल पुन्हा विचारलं. काही बोलले नाहीत. रात्री बघतो तर चष्मा लावून, ब्लेड घेऊन वहीची मागची पानं कापत बसलेले. मला वाटलं, औषधांची नावं लपवतायत. हातातलं पान घेऊन बघितलं तर दुकानाची उधारी होती, तीन बहारांची. म्हणाले, "औषधाचं काय, सगळीच मारतात. हे तिनं बघायला नको."

रविवारी वही देतोय.