दशावतार म्हणजे उत्क्रांती नव्हे, आणि डार्विन म्हणजे 'नुसता अंदाज'ही नव्हे

रानवारा (धागाकर्ता)

काल इथे दशावतारावर एक लेख आला. त्यावरचं म्हणणं प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. लेखाचा मुद्दा असा: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजे पाण्यातून जमिनीवर आलेल्या जिवांचा इतिहास, डार्विनच्या कितीतरी आधी सांगितलेला. आणि त्याच लेखाच्या शेवटी, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, सबब डार्विन चूक. उत्क्रांती आपल्याकडे आधीच माहीत होती आणि ती खोटीही आहे, हे दोन्ही एकदम कसं चालेल? काहीतरी एक ठरवा.

जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच 'कुणी पाहिलं' बोलले होते. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. तरी तेच वाक्य फिरतंय.

आता जुळणीबद्दल. कूर्म म्हणजे पाणी आणि जमीन यांमधला उभयचर टप्पा, असं धरलं जातं; पण कासव उभयचर नाही, सरपटणाऱ्यांतलं आहे. समुद्री कासवाचे पूर्वज जमिनीवरचे, ते परत पाण्यात गेले. म्हणूनच अंडी घालायला मादीला कोकणातल्या वेळासच्या वाळूवर यावं लागतं; पाण्यात घातलेल्या अंड्यातला जीव गुदमरतो. रानडुकराचा सिंह झाला नाही, त्या सस्तनांच्या दोन वेगळ्या शाखा. शतपथ ब्राह्मणात मनूला वाचवणारा मासा आहे, पण तिथे तो विष्णूचा अवतार नाही. दहाची यादीही एक नाही: कुठे बलराम, कुठे बुद्ध, आपल्याकडच्या जुन्या चित्रांत नवव्या जागी विठ्ठल. डार्विनचा ग्रंथ 1859 चा. अवतारांची ही जुळणी ठळकपणे मांडली थिऑसॉफी या अध्यात्मपंथाच्या रशियन मादाम ब्लाव्हाट्स्कींनी, 1877 मध्ये. म्हणजे ती डार्विननंतरची आहे.

शेषशायी

अवतारकथा भक्तीसाठी आहेत हे आम्हालाही कळतं. पण पाणी, मग जमीन, मग माणूस हा क्रम पूर्वजांना सुचला, त्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही? ब्लाव्हाट्स्कींचं नाव घेऊन तो परका ठरवू नका. आणि मूळ प्रश्न टाळलात. एका जातीची दुसरी होताना पाहिली कुणी? हाडं जुळवून गोष्ट रचणं वेगळं, पाहणं वेगळं.

पऱ्हाटी

पाहायचं असेल तर ऑक्टोबरात कपाशीचं हिरवं बोंड फोडा. आत गुलाबी बोंडअळी सापडेल, बीटी कपाशीत, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या, जनुक घातलेल्या कपाशीत, जिथे ती मरायला हवी होती.

2002 मध्ये बीटी आली, क्राय-1-एसी हे एक जनुक घेऊन. 2006 मध्ये क्राय-2-एबी जोडून दोन जनुकांची. पहिल्याला न जुमानणारी अळी गुजरातेत असल्याचं 2010 मध्ये हे तंत्र विकणाऱ्या मोन्सँटो कंपनीनेच जाहीर केलं. 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात दोन जनुकांची कपाशीही पोखरली गेली.

हे घडतं कसं? बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मग आतडं फुटतं. कॅडेरिनच्या जनुकात बिघाड असेल तर विषाला पकड मिळत नाही. पण जनुकाच्या दोन प्रती असतात, आई-बापाकडून एकेक; बिघाड दोन्ही प्रतींत लागतो, एकीत असून भागत नाही. समजा हजार प्रतींत एक बिघडलेली, तर दोन्ही बिघडलेली अळी दहा लाखांत एक. बीटीच्या शेतात तीच जगते. शेजारी साधी कपाशी असेल तर तिथून निघालेले शेकडो साधे पतंग या एकाशी जुळतात, पिल्लांत एकच बिघडलेली प्रत येते, ती पिल्लं बीटीवर मरतात. याच हिशोबाने 450 ग्रॅमच्या बियाण्यासोबत 120 ग्रॅम नॉन-बीटीचं 'रेफ्युजी' पाकीट यायचं. ते बांधावर पडून राहिलं. मग वाचलेला वाचलेल्याशीच जुळला. अळीने काही ठरवलं नाही, पिढ्यांची गाळणी बदलली. निवड म्हणतात ती हीच.

शेषशायी

अळी अळीच राहिली ना? तिचं फुलपाखरू नाही झालं. आणि तुम्हीच म्हणता की प्रथिन बिघडलं. कुलूप मोडणं म्हणजे नवं कुलूप घडवणं नव्हे. मोडतोड आम्हीही मानतो.

सरकी_आणि_रुई

मूळ वाद बाजूला ठेवा, पण 'रेफ्युजी बांधावर पडलं' म्हणून शेतकऱ्यावर खापर फोडू नका. दोन एकरवाल्याने पाचवा हिस्सा अळीला का द्यावा? त्या पाकिटातलं बी कित्येकदा उगवायचं नाही, किंवा फुलायचं दुसऱ्याच वेळी. पतंग एका वेळी निघालेच नाहीत तर जुळणार कसे?

आणि खरं दुखणं संकरित बियाण्यात आहे. आपल्याकडची बहुतेक बीटी एफ-वन संकरित, म्हणजे दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी, त्यामुळे झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत. त्याच्या बोंडातली सरकी विभागून येते: 16 तली 9 दोन्ही विषांची, 3 एका विषाची, 3 दुसऱ्याची, 1 बिनविषाची. गुलाबी अळी सरकीच खाते. एका बोंडात तिला कमी-जास्त विषाचं ताट मिळतं आणि एकच प्रत बिघडलेली अळीसुद्धा तगते. तुमचं दहा लाखांत एकचं गणित इथेच कोलमडतं. सरळ वाणाच्या झाडात सगळी सरकी विषारी असते.

पऱ्हाटी

सरकीचा मुद्दा मान्य, मी तो धरायला हवा होता. पण फरदडीचं काय? पाण्याच्या सोयीवर पीक मार्चपर्यंत उभं ठेवलं की आणखी पिढ्या निघतात, आणि प्रत्येक पिढी म्हणजे निवडीची आणखी एक फेरी. बाकी अळ्या जोडसरकीत, म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या दोन सरक्यांत, सुप्त बसतात, जिनिंगच्या आवारात आणि पऱ्हाटीच्या ढिगात. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा आहे, तिची रेफ्युजी फुकटची. गुलाबीला कपाशीशिवाय जवळपास काही नाही. अ‍ॅरिझोनातही हीच अळी, 1996 पासून बीटी. तिथे रेफ्युजी काटेकोर लावली, नंतर वांझ पतंग सोडले. 2018 मध्ये अमेरिकेने कपाशीचा पट्टा या अळीतून मुक्त जाहीर केला.

सरकी_आणि_रुई

अ‍ॅरिझोनाचा शेतकरी आणि इथला कोरडवाहू एका तागडीत घालता? चौथ्या वेचणीचे चार पैसे सोडा म्हणणं सोपं आहे. फरदड हौसेने कुणी ठेवत नाही. राग येतो तो याचाच.

गुणसूत्र

शेषशायी यांच्या कुलपाकडे येते. नवं कुलूप तुमच्या डोळ्यात आहे. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी-शेजारी, जवळपास तंतोतंत सारखी. एकाच जनुकाची जादा नक्कल झाली, मग मोजकी अमिनो आम्लं बदलली आणि एकाची पकड प्रकाशाच्या सुमारे 530 नॅनोमीटर तरंगलांबीवर तर दुसऱ्याची 560 च्या आसपास गेली. बहुतेक सस्तनांना दोनच रंगजनुकं, आपल्याला आणि आशिया-आफ्रिकेतल्या माकडांना तीन (तिसरं निळ्याचं). जनुकं इतकी सारखी आणि शेजारी असल्यामुळे अदलाबदलीत चूक होते, एक गळतं. पुरुषाला एक्स एकच, म्हणून लाल-हिरव्याचं रंगांधळेपण पुरुषांत जास्त. घडण कशी झाली हे तिच्या दोषातूनच दिसतं.

आणि 'माकडाचा माणूस' म्हणू नका. आजचं माकड आपलं आजोबा नव्हे, चुलतभावंड. एकामागे एक चालणाऱ्या वानर-माणसांच्या त्या चित्राने जेवढा गैरसमज पसरवला तेवढा कुणी विरोधकानेही पसरवला नसेल. वर्गात फळ्यावर रांग काढू नका, फांद्या काढा.

शेषशायी

रंगांचं पटलं. तेवढंच. जनुकाची नक्कल होऊन नवं काम येऊ शकतं, हे मागे घेत नाही. पण डोळ्यातल्या एका प्रथिनावरून खुरवाल्याचा देवमासा झाला इथवर मी येणार नाही.

रानवारा

खुरवाल्याचं तुम्हीच काढलंत. जम्मूतल्या कालाकोटचा इंडोह्यूस हा खुरवाल्याचा जीवाश्म पाहा, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा. अंग लहानशा हरणासारखं, पण कानाच्या हाडाची आतली भिंत जाड, देवमाशांत असते तशी. हाडं जड, पाण्यात चालणाऱ्याची. आणि नासदीय सूक्त 'को अद्धा वेद' विचारतं, खरंच कोण जाणतो म्हणून. त्या परंपरेच्या माणसाने 'इथवर येणार नाही' म्हणावं याचं वाईट वाटतं.

शेषशायी

सूक्त मला शिकवू नका. कानाचं हाड वाचतो.

पऱ्हाटी

@सरकी, फरदडीचं तुमचं दुखणं कळतं, ओल आणि पैसा दोन्ही हातात नसतात. मग निदान हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा, मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे. सलग तीन रात्री दर रात्री एका सापळ्यात 8 च्या वर पतंग आले, किंवा शंभर फुलांत 10 डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) दिसल्या, तर फवारणी. एकरी 20 हिरवी बोंडं फोडून 2 मध्ये जिवंत अळी मिळाली तरी तेच. बाहेरून बोंड पाहून कळत नाही, शिरल्यावर भोक बुजतं.

सरकी_आणि_रुई

सापळ्यातली ल्यूर, म्हणजे गंधाची गोळी, वेळेवर बदलली तरच. जुन्या ल्यूरवर पतंग येत नाही आणि माणूस समजतो अळी नाही.