स्मरणिकेसाठी मराठी फॉन्ट कुठला घ्यावा? मजकूर, मथळे, फ्लेक्स सगळ्याला एकच चालेल का?

चाळकरी_अक्षर:
सोसायटीच्या गणपतीचं रौप्यमहोत्सवी वर्ष आहे, स्मरणिका माझ्या गळ्यात पडलीय. लेख व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत, वर्डमध्ये टाकले की सगळं मंगल फॉन्टमध्ये दिसतं आणि सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. भाचा म्हणतो मजकुराला सेरिफ (अक्षरांच्या टोकांना बारीक फाटे असलेला) घे, मथळ्याला सान्स (बिनफाट्यांचा). मराठीत हे असतं का मुळात? आणि कमिटीतले एक काका श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर अडून बसलेत.

बोरूबहाद्दर:
सेरिफ-सान्स हे रोमन अक्षरांचं वर्गीकरण, आपल्याकडे ते तसंच्या तसं बसवू नका, आपल्याकडे रेषेची जाडी बघायची. बोरूने लिहिल्यासारखी जाड-बारीक वळणं असलेला फॉन्ट म्हणजे मुंबईच्या जुन्या निर्णयसागर छापखान्याच्या छपाईचं वळण, लांब लेखांना डोळ्याला हाच बरा. टिरो देवनागरी मराठी बघा, फुकट आहे, फक्त त्यात बोल्ड नाहीये आणि कंट्रोल-बी दाबून खोटा बोल्ड केलात तर अक्षरांची पोटं बुजतात. मथळ्याला मग एकसारख्या जाडीचा मुक्ता घ्या, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, सात वजनं (बारीक ते जाड) मिळतात. बाकी मंगलला नावं ठेवू नका हो, सुलेखनकार र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला आहे, विंडोज २००० पासून त्याच्यावर लोकांनी मराठी टाइप केलंय. तो स्क्रीनसाठीचा, छापायला दुसरा घ्या एवढंच.

फ्लेक्सवाला_पुणे:
फ्लेक्ससाठी बलू २ किंवा मोदक. मोदक इतका जाडा आहे की अक्षराच्या पोटात नुसती फट उरते, त्यामुळे दोन-तीन शब्दांपुरताच, पत्ता-वेळ त्यात टाकलीत तर कोणाच्या बापाला वाचता येणार नाही. चौकटीत जास्त मजकूर कोंबायचा असेल (जाहिरातदार कोंबायला लावतातच) तर खंड, तो अरुंद आहे. जुन्या मुंबईचा फील हवा असेल तर यात्रा वन, लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. आणि हात जोडून सांगतो, मथळा रुंद दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात.

मुद्रितशोधक:
फॉन्ट ठरवायच्या आधी ल आणि श बघा. बरेच फॉन्ट हिंदी वळणाचे ल-श दाखवतात, मराठी वळण वेगळं आहे आणि शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या जीआरमध्येही तेच दिलंय. काही फॉन्टमध्ये मराठी रूपं आत असतात पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. चाचणीला एकच ओळ टाईप करा: "कऱ्हाडच्या शेतकऱ्याची लाल शाल, विठ्ठल, उद्घाटन". ऱ्ह, ऱ्य फुटले किंवा ठ्ठ नीट जुळला नाही तर तो फॉन्ट बाद, कितीही देखणा असो.

काकांचं म्हणाल तर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेत, व्हॉट्सअ‍ॅपवरचा युनिकोड (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेला, सगळीकडे चालणारा) मजकूर त्यात सरळ पेस्ट होत नाही, कन्व्हर्टर लावावा लागतो आणि नेमकी जोडाक्षरंच घोळ घालतात, म्हणजे मुद्रितं परत पहिल्यापासून. प्रेसला आधी विचारा युनिकोड चालतं का. चालत असेल तर काकांना चहा पाजा आणि पुढे चला.

चाळकरी_अक्षर:
पाजतो :) शेवटचं, मुलांच्या कविता आहेत चार पानं, त्याला हस्ताक्षरासारखा काही?

बोरूबहाद्दर:
कलम आहे ना. कवितांपुरता छान दिसेल, अध्यक्षांच्या मनोगताला मात्र लावू नका. दोन ओळींत जागा नेहमीपेक्षा जरा जास्त सोडा, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटतात. आणि प्रेसला वर्ड फाइल देऊच नका, फॉन्ट एम्बेड करून (फाइलच्या आतच बसवून) पीडीएफ द्या.